पाय न लावता लागलेला ब्रेक

वकिलीच्या पहिल्याच वर्षी माझ्याकडे एका जीपचा दावा आला. अपघाताच्या वेळी ती जीप कुणीच चालवत नव्हतं. मलकापूरच्या बाजारात उतारावर उभी करून मालक समोरच्या हॉटेलात मिसळ खायला बसला, आणि जीप आपली आपण निघून थेट भांड्यांच्या दुकानात शिरली. दुकानदाराचा पाय मोडला, आणि मी त्याची वकील. मालक कोर्टात छाती पुढं काढून म्हणाला, "मी गाडीत न्हवतोच की. माझा काय संबंध?"

न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं, "चाकाला दगड कुणी लावायचा होता?"

दावा तिथंच संपला, भरपाई मालकावर बसली. मी मात्र त्या दिवसापासून अपघाताच्या दाव्यांचीच झाले, ती आजतागायत. एकतीस वर्षं झाली.

लोकांना वाटतं, या कामात रडारड आणि हाडांचे एक्स-रे एवढंच असतं. तेही असतंच. पण खरं काम असतं घडून गेलेले तीन-चार सेकंद पुन्हा उभे करायचं. रस्त्यावर काच कुठं सांडली, टायरची काळी ओढ कुठून सुरू झाली, पोचा जमिनीपासून किती उंचीवर आहे, हे सगळं एकमेकांशी जुळवून बघायचं. एका ट्रकवाल्यानं शपथेवर सांगितलं होतं की त्याचा हेडलाइट चालू होता. मी फुटलेल्या दिव्यातली तार जाणकाराकडून तपासून घेतली. पेटलेल्या दिव्याची तार तापलेली असते, धक्क्यानं ती ताणून लांबते. विझलेल्या दिव्याची तार काडीसारखी तुटते. ही तुटलेली होती. अशा वेळी मला जो आनंद व्हायचा, तो कुणाला दाखवायची सोय नसायची, कारण शेजारी कुणाचा तरी भाऊ नाहीतर बाप गेलेला असायचा.

या दाव्यांत माणसं तीनच. गाडी चालवणारा, गाडीचा मालक आणि विमा कंपनी. चालवणाऱ्याची चूक सिद्ध करायची, ती मालकाच्या अंगावर येते आणि भरपाई विमा कंपनी देते. इतक्या वर्षांत यात काही बदललं नाही. साठी उलटल्यावर मी घरी सांगूनही टाकलं होतं की आता हातातली प्रकरणं संपवते आणि थांबते.

मग सुनंदा आली.

सुनंदा हुपरीची. घरातच नवरा-बायको पैंजणं करायचे. डाक लावायचं काम तिच्याकडं, म्हणजे फुंकणीच्या बारीक ज्योतीवर कडीला कडी जोडायची. हात तसूभर हलला तर साखळी वितळून गोळा होते. असं काम करणारीचा उजव्या मनगटाचा सांधा मोडला होता. प्लॅस्टर निघालं होतं, पण अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना टेकत नव्हतं. आणि वर पोलिसांनी तिच्यावरच गुन्हा दाखल केला होता.

"माझ्यावरच कसा काय गुन्हा, ताई?" तिनं कागद पुढं सरकवला. "आमच्या घरधन्यांचं म्हणणं हाय, कबूल करून मोकळी हो."

मी पंचनामा वाचला. हुपरीहून कोल्हापूरला येणाऱ्या रस्त्यावर, दुपार उलटल्यावर, एक मोठी नवी मोटार पुढं होती आणि सुनंदाची स्कूटर मागं. मोटारीपुढं कुत्रं आडवं आलं म्हणून चालकानं ब्रेक दाबला. स्कूटरवालीनं पुरेसं अंतर ठेवलं नव्हतं, म्हणून ती मागून धडकली. सरळ होतं. मागून धडकला तो चुकला, असं समजायची रीतच आहे.

"कबूल करायचं नाही," मी म्हणाले. "एकदा कबूल केलंस की तोच कागद तुझ्या भरपाईच्या दाव्यात तुझ्या विरुद्ध येतो. मला आधी सांग, कुत्रं बघितलंस?"

"न्हाय."

"तू मागं होतीस. मोटारीच्या पुढनं गेलं असेल."

"मग त्या मोटारवाल्या आण्णांनी तरी बघितलं असतं की. ते तर मला उचलताना सारखं एकच बोलत हुते. म्हणत हुते, बाई, माझा पाय ब्रेकवर नव्हता. गाडीनंच दाबला."

मी पेन खाली ठेवलं. ब्रेक लागलाच नाही असं सांगणारे शेकडो चालक मी ऐकले होते. ब्रेक आपोआप लागला असं सांगणारा हा पहिलाच.

दुसऱ्या दिवशी मी त्याच बनावटीच्या गाड्यांच्या शोरूममध्ये गेले. पांढरे केस आणि इस्त्रीची साडी बघून विक्रेत्यानं मला गिऱ्हाईक समजून चहा मागवला. मीही त्याचा गैरसमज दूर केला नाही. त्यानं समजावून सांगितलं ते असं: गाडीच्या नाकात एक रडार असतं आणि पुढच्या काचेवर, आरशामागं, एक कॅमेरा. दोघं मिळून रस्ता बघतात. पुढं अडथळा दिसला आणि चालकानं काहीच केलं नाही, तर गाडी स्वतः ब्रेक लावते. रस्त्यावरचा आपला पट्टा सोडून बाहेर चालली तर स्टिअरिंगही हळूच वळवते. परदेशात काही ठिकाणी माणसाविना धावणाऱ्या गाड्या आहेत. आपल्याकडे आलेली ही त्यांची धाकटी भावंडं. माणूस चालवतोय, पण काही निर्णय गाडी घेते.

"मॅडम, ही गाडी तुमची काळजी घेते," विक्रेता म्हणाला.

"आणि चुकली तर?"

"चुकत नाही मॅडम."

मी गाडीसोबत मिळणारं माहितीपुस्तक बघायला मागितलं. त्याच्या हिशेबी ते कुणी वाचत नसतं, त्यामुळं त्यानं आनंदानं घरी न्यायला दिलं. जाडजूड पुस्तक होतं. भर दुपारी कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये बसून मी ते पानापानानं वाचलं, आणि एका पानावर मला ते सापडलं. वळणावर समोर येणाऱ्या धातूच्या पाट्या, कठडे किंवा सूर्यप्रकाशाची चमक यामुळं ही यंत्रणा गरज नसताना ब्रेक लावू शकते, असं तिथं छापलेलं होतं. मी ते तीनदा वाचलं आणि खुर्चीवरून उठूनच उभी राहिले.

शेजारचे वकील म्हणाले, "काय झालं बाई? तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम आहे. कंपनीनं कबूल केलंय."

ते कशाबद्दल हे त्यांना कळलं नाही. आणि माझाही उत्साह पुढच्या ओळीपर्यंतच टिकला. पुढची ओळ होती: वाहनाची संपूर्ण जबाबदारी सदैव चालकाची राहील. म्हणजे चूक होऊ शकते हे आम्हाला माहीत आहे, आणि ती झाली तर ती तुमची.

त्याच आठवड्यात मी रिक्षा करून जागेवर गेले. रस्ता उसातून सरळ येतो आणि एका गुऱ्हाळापाशी डावीकडं वळतो. वळणाच्या तोंडावर, सरळ जाणाऱ्याच्या अगदी नाकासमोर, गुऱ्हाळाची पाटी. भलीमोठी, पत्र्याची, 'ताजा गूळ' लिहिलेली. उन्हात ती अशी चमकत होती की मलाही डोळ्यांवर हात धरावा लागला. गुऱ्हाळवाला बाहेर आला.

"कोण पावणं?"

"वकील आहे. तुमच्या पाटीचे फोटो काढते."

"पाटीवर खटला हाय व्हय?" त्यानं गंभीरपणे विचारलं. "मग उतरून ठेवू का?"

"अजिबात हात लावू नका," मी म्हणाले. त्यानं मला गरम काकवी दिली आणि पाटीला हात लावला नाही.

मोटारीचे मालक आणि चालक एकच. शिवाप्पा शेटे, कुरुंदवाडचे बियाणं-खताचे व्यापारी, वय सत्तरीच्या आसपास. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, पांढरा सदरा. दर आठवड्याला मालाच्या कामासाठी त्यांची कोल्हापूरला फेरी असायची. सगळा गाव त्यांना आण्णा म्हणायचा. सुनंदाच्या भरपाईचा दावा मी मोटार अपघात न्यायाधिकरणात दाखल केला, आणि तिथं त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते साक्षीच्या पिंजऱ्याजवळ, चष्मा पुसताना. विमा कंपनीच्या वकिलांनी त्यांचं शपथपत्र तयार करून आणलं होतं. पंचनाम्यात होतं तेच त्यात उतरवलेलं. रिवाजाप्रमाणं वकिलांनी विचारलं, यातला मजकूर खरा आहे ना? अशा वेळी साक्षीदार मान हलवतो आणि काम पुढं जातं.

शिवाप्पांनी चष्मा लावला, कागद वाचायला घेतला आणि शेवटपर्यंत वाचला. कोर्ट थांबून राहिलं.

"साहेब," ते न्यायाधीशांना म्हणाले, "हितं कुत्रं लिवलंय. कुत्रं नव्हतं."

विमा कंपनीचे वकील अर्धवट उठले. "तुम्ही पोलिसांना तसं सांगितलंय. तुमची सही आहे."

"मी त्यांना सांगितलं, गाडीनं ब्रेक लावला. ते हसले. म्हणाले, असं कुठं असतंय का, कायतरी आडवं आलं असंल. चष्मा गाडीत पडला हुता. सही केली, ती माझी चूक. पण कुत्रं नव्हतं आणि माझा पाय बी नव्हता."

मला आतून आनंदाची उकळी फुटली. कारण नियम असाही आहे की गरज नसताना एकदम ब्रेक लावायचा नाही. कुत्रं गेलं म्हणजे ब्रेकचं कारणच गेलं, आणि सुनंदावरचा ठपकाही त्याच्याबरोबर.

पण विमा कंपनीचे वकील कसलेले. त्यांनी तिथल्या तिथं बाजू फिरवली. चालकानं ब्रेक लावलाच नाही तर चालकाचा निष्काळजीपणा कसला? तो नाही तर मालकाची जबाबदारी नाही, आणि मालकाची नाही तर विमा कंपनीची कशी? अर्जदार बाईंनी गाडी बनवणाऱ्यांना शोधावं. म्हणजे शिवाप्पांच्या खरेपणानं कुत्रं तर गेलंच, पण माझा दावाही त्याच्या मागं जायला निघाला. सुनंदा बाकावर बसून माझ्याकडं बघत होती. उजवा हात तिनं पदराखाली घेतलेला होता.

मी उलटतपासाला उभी राहिले. मला एकच प्रश्न विचारायचा होता, आणि त्याचं उत्तर मला माहीत नव्हतं. उत्तर माहीत नसलेला प्रश्न साक्षीदाराला विचारू नये, हे मी ज्युनिअर वकिलांना वर्षानुवर्षं बजावत आले. शिवाय समोरचा माणूस खोटं बोलणार नाही, हे आता सगळ्या कोर्टाला कळलं होतं. त्याच्या खरेपणाचाच मी वापर करणार होते. ते मला त्या क्षणीही नीट दिसत होतं.

"आण्णा," मी विचारलं, "गाडीनं असा आपोआप ब्रेक लावल्याचं याआधी कधी झालं होतं?"

त्यांनी चष्मा काढून पुन्हा पुसायला घेतला. न्यायाधीशांनी लेखनिकाला थांबायची खूण केली.

"व्हय," ते म्हणाले. "दोनदा. त्याच वळणाला."

"मग तुम्ही काय केलंत?"

"शोरूमला नेऊन दावली. दोन्ही बारीला त्यांनी कागद दिला. दोष आढळला न्हाय म्हणून."

"ही सोय बंद करायचं बटण गाडीत आहे?"

"हाय. लेकीनं दाखवलं हुतं."

"बंद केलं होतं?"

"न्हाय." मग माझ्याकडं बघत म्हणाले, "कंपनीनं म्हटलं दोष न्हाय. मला वाटलं, माझंच चुकत असंल."

मी खाली बसले. युक्तिवादात मी मलकापूरच्या जीपचा निकाल दाखवला. गाडी आपोआप निघाली म्हणून मालक सुटला नव्हता, कारण दगड लावायचं काम त्याचं होतं. इथं दगडाच्या जागी बटण होतं. रस्त्यावरच्या माणसानं गाडीच्या आतला निर्णय माणसाचा की यंत्राचा हे शोधत फिरायचं का? ज्यानं गाडी रस्त्यावर आणली, आणि ती अशी वागते हे ज्याला ठाऊक होतं, त्यानं आधी उत्तर द्यावं. त्याचं आणि कंपनीचं काय ते त्यांनी नंतर आपसात बघावं.

न्यायाधिकरणानं हे मान्य केलं. भरपाई विमा कंपनीनं द्यायची, असा निकाल झाला. सुनंदावरचा गुन्हाही पुढं टिकला नाही. तिच्या मनगटाची दुसरी शस्त्रक्रिया झाली, अंगठा बोटाला टेकू लागला. डाक लावण्याइतकी बारकाई मात्र परत आली नाही. आता ती घुंगरं ओवते, आणि जोडकाम करणाऱ्या बायकांच्या शेजारी बसून त्यांच्या चुका काढते. ते ती फार चांगलं करते असं तिचा नवरा सांगतो.

निकालपत्रात शिवाप्पांचं नाव 'निष्काळजी' या शब्दाच्या बरोबर आलं होतं. माहीत असूनही यंत्रणा बंद केली नाही, म्हणून. निकालाच्या दिवशी ते जिन्यात थांबले होते. मला वाटलं, ते मला टाळतील. त्यांनी हात जोडले.

"अक्का, त्या बाईला मिळालं, बरं झालं. पण एक सांगा. मी खरं बोललो म्हणून मी निष्काळजी. कुत्रं हुतं म्हटलं असतं तर?"

"तर तुम्ही सुटला असता," मी म्हणाले. "आणि ती अडकली असती."

"ते कळलं. पण पाय तर माझा नव्हता."

मी इतकी वर्षं दावे जिंकले आणि हरले, पण जिंकलेल्या दाव्यानंतर इतकी अवघडून कधी उभी राहिले नव्हते.

आठवड्याभरानं ते माझ्या ऑफिसात आले. हातात शोरूमचे ते दोन कागद. दोन्हींवर त्यांनी त्या वेळी लिहून दिलेली तक्रार होती आणि खाली शेरा, दोष आढळला नाही. "आता माझं भांडण घ्या," ते म्हणाले. "पैका नको. पाय माझा नव्हता, एवढं कुणीतरी लिहून द्यायला पाहिजे."

ज्या माणसाला मी कोर्टात दोषी ठरवलं, त्याचंच वकीलपत्र घ्यायचं म्हणजे आधी सुनंदाला विचारणं भाग होतं. मी फोन केला.

"घ्या की, ताई," ती म्हणाली. "त्यांनीच मला उचललं हुतं. बाकीचे तर व्हिडिओ काढत हुते."

अशा रीतीनं साठीनंतर मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात नवा दावा ग्राहक आयोगात दाखल केला, गाडी बनवणाऱ्या कंपनीवर. निवृत्तीचा विषय घरात पुन्हा कुणी काढला नाही. मी रडार शिकले, कॅमेरा शिकले, अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या एका प्राध्यापकांना प्रश्न विचारून विचारून हैराण केलं. कंपनीचं म्हणणं ठाम होतं: यंत्रणेत दोष नाही, ब्रेक चालकानंच दाबला असणार, आणि त्या दिवसाची गाडीतली नोंद नंतरच्या नोंदींनी पुसली गेली आहे. शेवटी आयोगानं दुसऱ्याच एका महाविद्यालयातले प्राध्यापक नेमले आणि जागेवर चाचणी घ्यायला सांगितलं. त्या दाव्याचा निकाल यथावकाश लागला, आणि त्या बनावटीच्या गाड्यांमधली ती यंत्रणा कंपनीला दुरुस्त करून द्यावी लागली. पण निकालपत्रापेक्षा ती चाचणीच माझ्या डोळ्यांसमोर जास्त राहिली आहे.

वळणाच्या दोन्ही बाजूंना वाहतूक थांबवली होती. गाडी शिवाप्पांनीच चालवायची, ताशी साठच्या वेगानं. शेजारी प्राध्यापक, हातात वही. मागं मी आणि कंपनीचा तरुण अभियंता. त्यानं स्वतःच पेडलजवळ एक छोटा कॅमेरा बसवला होता, म्हणजे पाय कुठं आहे हे दिसावं.

पहिली फेरी झाली. काही झालं नाही. दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला मी श्वास रोखून बसले होते, आणि गाडी लोण्यासारखी वळणावरून निघून गेली. अभियंता खिडकीबाहेर बघत होता, पण त्याच्या गालावरचं हसू मला दिसलं. प्राध्यापकांनी घड्याळ बघितलं. "अजून एकदा घेऊ आणि थांबू," ते म्हणाले.

"साहेब," शिवाप्पा म्हणाले, "तवा ऊन पाटीवर तिरपं पडत हुतं. अजून वर हाय. जरा दम काढा."

प्राध्यापक भले गृहस्थ. ते थांबले. गुऱ्हाळात सगळ्यांनी काकवी घेतली. अभियंत्यानंही घेतली. गुऱ्हाळवाल्यानं त्याला आवर्जून दुसरी वाटी दिली, तो कुठल्या बाजूचा हे त्याला माहीत नसावं. उसाच्या शेंड्यांवर ऊन कलायला लागलं तसे आम्ही पुन्हा गाडीत बसलो.

रस्ता सरळ होता. काटा साठवर. मला समोर पाटी दिसली, सोनेरी, लखलखीत, तिच्यावरची अक्षरंही दिसत नव्हती. शिवाप्पांचा एक हात स्टिअरिंगवर, दुसरा मांडीवर. वळण जवळ आलं. आणि काही कळायच्या आत पट्ट्यानं माझी छाती आवळली, प्राध्यापकांची वही काचेवर जाऊन आदळली, टायर किंचाळले आणि गाडी त्या मोकळ्या रस्त्यात थांबली.

बाहेर चिपाडांचा वास येत होता. अभियंता पुढं वाकून दोन सीटांच्या मधून खाली बघत होता. मीही वाकले. शिवाप्पांचा उजवा पाय रेसच्या पेडलवर होता, चप्पल घातलेला, जसाच्या तसा. ब्रेकचं पेडल वीतभर लांब होतं.

"पाय हलवत न्हाय मी," शिवाप्पा म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, पण पाय नाही. "सगळ्यांनी नीट बघून घ्या."

प्राध्यापकांनी वही उचलली, वेळ लिहिली, पायाची जागा लिहिली आणि खाली सही केली. मग त्यांनी वही मागं दिली. अभियंत्यानं ती दोन मिनिटं नुसती हातात धरली. त्याच्या गालावर आता हसू नव्हतं, पण रागही नव्हता. एखादी गोष्ट पहिल्यांदा समजल्यावर माणूस जसा दिसतो तसा तो दिसत होता. त्यानं खिशातून स्वतःचं पेन काढलं, प्राध्यापकांच्या सहीखाली आपली सही केली, आणि शिवाप्पांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काढा आण्णा, पाय काढा आता."